कोणाच्या जिवावर?

बस. आणि ‘सर, एवढा एक शेवटचा अटेम्प्ट’ हे आज माझ्यासमोर म्हणू नकोस. गेल्या दिवाळीत हेच म्हणालास, त्याच्या आदल्या दिवाळीतही हेच. ज्याला तारीख नाही असा शेवट कधी येत नसतो.

पुन्हा पुण्याला जाऊ की घरची हळद दळून विकायला लागू, असा सल्ला विचारायला तू आला आहेस. पण पुण्याच्या गाडीचं रात्रीचं तिकीट आधीच काढलेलं आहे. म्हणजे ठरवून झालंय, फक्त त्यावर माझी सही हवी आहे. उद्या बिनसलं तर ‘सरच म्हणाले होते’ म्हणायला तू मोकळा. ती सही मिळणार नाही. घरात तुला जे कोणी बोलत नाही ते मी बोलणार आहे, आणि तू मध्ये तोंड न घालता ऐकणार आहेस.

आधी एक स्पष्ट करतो, नाहीतर भलताच अर्थ काढशील. तू नापास झालास म्हणून मी रागावलेलो नाही. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेला दरवर्षी १० लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि जागा असतात हजाराच्या घरात. राज्यसेवेला जागा त्याहून कमी. तिथे मागे राहणं हा गुन्हा नाही, त्यात बुद्धीचा कमीपणाही नाही. व्यवस्था तुमच्याशी नीट वागली असंही मी म्हणणार नाही. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची परीक्षा तोंडावर आलेली असताना पुढे ढकलली, तेव्हा तुम्ही पोरं पुण्यात रस्त्यावर उतरलात, बरोबर केलंत. ऑगस्ट २०२४ मध्ये एकाच दिवशी दोन परीक्षा ठेवल्या, तेव्हा पुन्हा आंदोलनाला बसलात, तेही बरोबर. निवड होऊनसुद्धा नेमणुकीच्या पत्राची वाट बघत ज्यांची उमेदीची वर्षं गेली त्यांचं दुःख मला ठाऊक आहे. त्या सगळ्याचा जाब सरकारला विचारायचाच. पण आज माझ्यासमोर सरकार बसलेलं नाही. तू बसला आहेस.

तू म्हणतोस, सर, मी तर सगळ्यात मोठी रिस्क घेतली, डिग्री झाल्यावर मिळत होती ती नोकरी सोडून पुण्याला गेलो. गेलास तेव्हा ती जोखीम होती, मान्य. गावातून पहिल्यांदा कोणी असा निघाला होता आणि मला तुझं कौतुक वाटलं होतं. पण त्याला किती वर्षं झाली? आज सदाशिव पेठेत राहण्यात तुझं काय धाडस आहे? तिथली कॉट ठरलेली, अभ्यासिकेतली खुर्ची ठरलेली, मेसच्या भाजीचा वार ठरलेला. पेरूगेटजवळ चहा घेताना यंदा कट-ऑफ कितीवर जाईल याची चर्चा करायला तेच चार जण. तिथे तुला ‘सध्या काय करतोस’ असं कोणी विचारत नाही, कारण विचारणाराही तेच करतोय. गावात विचारतात, म्हणून तू सणाला आलास की तिसऱ्या दिवशी पळतोस. जी जागा कधीकाळी झेप घ्यायला धरली होती, ती आता तुला लपायला सोयीची झाली आहे. तिला संघर्ष म्हणू नकोस. संघर्ष करणारी पोरं मी त्याच पेठेत पाहिली आहेत. दिवसा कुरिअरची कामं करून रात्री वाचणारी. त्यांच्या रांगेत तू उभा राहू नकोस.

मागे तू मला मोठ्या उत्साहाने सांगितलंस की २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, नऊ पेपर, १७५० गुण, वर मुलाखतीचे २७५, आता सगळ्यांची पाटी कोरी, आता आपली संधी. मी विचारलं, रोज किती उत्तरं लिहून काढतोस? तू म्हणालास, सध्या स्ट्रॅटेजी ठरवतोय. परवा पुन्हा विचारलं. तू म्हणालास, चांगली टेस्ट सिरीज शोधतोय. मला एक लिहिलेलं पान आणून दाखव. नाही ना? ज्याला ती परीक्षा मनापासून हवी आहे त्याची बोटं आतापर्यंत शाईने भरली असती. तुला परीक्षा नको आहे रे. तुला परीक्षार्थी असणं हवं आहे.

दहावीत ओहमच्या नियमाचा प्रयोग होता, आठवतो? तुझं मीटर नीट लागलं नव्हतं, वाचनं वेडीवाकडी येत होती. तू काय केलंस? आलेख सरळ रेषेत यायला हवा हे पुस्तकात वाचलं होतं, म्हणून आधी रेषा काढलीस आणि मग त्या रेषेवरून आकडे काढून निरीक्षणाच्या तक्त्यात भरलेस. मी ते पान फाडलं होतं आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतं की निरीक्षण जसं येईल तसं लिहायचं, आवडो न आवडो. आज तू तेच करतो आहेस. ‘मी अधिकारी होणार’ हा निष्कर्ष वहीत सर्वात आधी लिहिला आणि मग येणारा प्रत्येक निकाल त्याला जुळवत बसलास. पूर्व गेली तेव्हा पेपर विचित्र होता. मुख्य गेली तेव्हा तब्येत बरी नव्हती. मग अभ्यासक्रम बदलला, मग रूम पार्टनर चांगला नव्हता. सगळी कारणं खरी असतील. पण इतक्या वर्षांत एकदा तरी जे आलं ते जसंच्या तसं लिहिलंस का, की मला हे जमत नाहीये, किंवा मला हे आता नको आहे? ते लिहिण्याची हिंमत तुझ्यात नाही. खुल्या गटाला वयाची मर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३ आहे, आणि तू त्या आकड्याकडे असा बघतोस जणू आयोगाने तोपर्यंत बसून राहण्याचा हुकूम काढला आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तू म्हणालास, हळदीचं मनात खूप आहे, पण रिस्क वाटते. मला सांग, आत्ता जे चाललंय त्यात रिस्क कोणाची आहे?

खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी, क्लासची फी, दर जाहिरातीचं परीक्षा शुल्क. हे कुठून येतं? फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तुझे वडील हळद काढतात, कुकरच्या वाफेपाशी उभं राहून शिजवून घेतात, मग दिवसच्या दिवस वाळवतात, पॉलिश करतात. पाच क्विंटल ओली हळद शिजवून वाळवली तर जेमतेम एक क्विंटल हळकुंड हाती लागतं. नऊ महिने शेतात, वर ही मेहनत, आणि वसमतच्या बाजारात त्या दिवशी जो भाव निघेल तो. पडला तर पडला. ही जोखीम तो माणूस दर वर्षी उचलतो आणि त्यातून तुला महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवतो. तुझ्या बहिणीचं बी. एड. का थांबलंय? ती तुला सांगणार नाही, मला तिने सांगितलं. घरातून एका वेळी एकाचाच शिक्षणाचा खर्च निघतो, आणि तो एक म्हणजे तू. तिने एकदाही तक्रार केली नाही, आणि तू तिच्या न बोलण्याला तिची संमती समजलास.

म्हणून मला ‘मी जोखीम टाळतोय’ असं सांगू नकोस. तू ती टाळलेली नाहीस, दुसऱ्यांच्या अंगावर ढकलली आहेस. बाप बाजारभावाची जोखीम उचलतो, बहीण वयाची उचलते, आणि तू अभ्यासिकेत पंख्याखाली बसून विचार करतोस की हळदीत पैसे बुडाले तर लोक काय म्हणतील. पैसे दर महिन्याला बुडतातच आहेत. फक्त ते तुझे नसल्यामुळे तुला दिसत नाहीत.

जोखमीचंच बोलायचं तर तुला फाळक्यांची गोष्ट ठाऊक आहे. म्हणजे प्रश्न आला तर उत्तर ठाऊक आहे: पहिला भारतीय कथापट, राजा हरिश्चंद्र, ३ मे १९१३, मुंबईचं कॉरोनेशन. त्याच्या पुढे कधी वाचलंस? धुंडिराज फाळके तेव्हा चाळिशीत होते. पुरातत्त्व खात्यातली सरकारी नोकरी कधीच सोडलेली, छापखान्याच्या धंद्यातून भागीदाराशी न पटल्यामुळे बाहेर पडलेले, घरात लहान मुलं. मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्या देवादिकांचे असे चित्रपट का होऊ नयेत या विचाराने झपाटले. इथवर सगळे सांगतात. मोठा माणूस झपाटला, उडी मारली, जिंकला. तुम्हाला व्याख्यानांत तेवढंच ऐकवतात, आणि त्यावर टाळ्या वाजवून तुम्ही पुन्हा खुर्चीत जाऊन बसता.

मी तुला विज्ञान शिकवलंय, मी पुढचं सांगतो. तो माणूस आंधळेपणाने उडी मारणारा नव्हता. आधी महिनोन्‌महिने मिळेल तो चित्रपट पाहिला, यंत्राची खटपट केली, इतकी की डोळ्यांवर परिणाम होऊन दिसेनासं झालं आणि उपचार घ्यावे लागले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तिथे काही आठवडेच राहिले, पण तेवढ्यात या धंद्यातली माणसं गाठली, स्टुडिओत काम कसं चालतं ते प्रत्यक्ष पाहिलं आणि कॅमेऱ्याची खरेदी करून परत आले. आल्यावर काय केलं? हरिश्चंद्र? नाही. एका कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभर त्या रोपाची वाढ टिपली. पडद्यावर दाखवलं तेव्हा बी रुजून वेल चढताना बघता बघता दिसली. ती फीत दाखवून त्यांनी भांडवल देणारा माणूस मिळवला. कुंडी, मूठभर वाटाणे, महिनाभराचा धीर. फसलं असतं तर एवढंच गेलं असतं, आणि आपल्याला कॅमेरा चालवता येतो की नाही हे तरी कळलं असतं.

आणि सरस्वतीबाई. त्यांचं नाव तुझ्या नोट्समध्ये नसेल. भांडवल मिळालं तरी ते पुरणारं नव्हतं, तेव्हा त्यांनी आपले दागिने दिले. पण नुसते दागिने देऊन त्या बाजूला झाल्या नाहीत. रात्री अंधारात बसून फिल्मच्या पट्टीला भोकं पाडायला त्या शिकल्या, रसायनं कालवायला शिकल्या, आणि दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांनीच रांधला. जोखमीतला आपला वाटा त्यांनी स्वतः, कळून सवरून उचलला. त्या बाईला नवऱ्याने काय करायला घेतलंय हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझ्या आईला माहीत आहे का, तू तिथे काय करतोस ते? तिला एवढंच माहीत आहे की ‘साहेबाची परीक्षा’ असते आणि ती अजून झालेली नाही.

फाळके पुढे श्रीमंत झाले असंही समजू नकोस. नाशिकला अखेरच्या वर्षांत त्यांना हलाखी भोगावी लागली, १९४४ मध्ये ते गेले. धंद्याच्या भागीदारांशी खटके उडाले, बोलपट आले, काळ पुढे निघून गेला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण तुला कोणीतरी हमी द्यावी असं वाटतं आणि हमी देणारे बाजारात पुष्कळ बसलेत. तुझी हळद विकली जाईल अशी हमी मी देणार नाही. कदाचित नाही विकली जाणार.

पण निदान कुंडीत वाटाणा तरी पेरलास का? हळदीचा विचार तू मला दोन वर्षांपूर्वी सांगितलास. दोन वर्षांत एक किलो हळद दळून चार घरी दिली असतीस तरी मी आज तुझ्याशी वेगळं बोललो असतो. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान मिळतं, जास्तीत जास्त १० लाख, हे तुला तोंडपाठ आहे. हळद मंडळाचं उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये झालं आणि मुख्यालय निजामाबादला आहे, तेही पाठ आहे. वसमतला हळदीचं संशोधन केंद्र मंजूर झालं तेव्हा तू ते चालू घडामोडींच्या वहीत लाल शाईने लिहिलंस, मला दाखवलंही होतंस. अरे, वसमत तुझ्या गावापासून किती लांब आहे? निजामाबाद नांदेडच्या पलीकडे आहे, परदेशात नाही. स्वतःच्या शेतातलं पीक तू एका गुणाचा प्रश्न म्हणून वाचलंस आणि उठून तिथे एकदाही गेला नाहीस. याचा मला खरोखर राग आला आहे. अभ्यास म्हणजे हे नव्हे. मी तुम्हाला असं शिकवलं नव्हतं.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस, तो तुझा जुना स्वभाव आहे. माझं बोलणं मनाला लागलं म्हणून उद्या वडिलांचा सातबारा घेऊन बँकेत जाशील, दळायचं यंत्र बुक करशील, पाकिटावर स्वतःचं नाव छापून घेशील. खबरदार. अनुदानाच्या आशेवर कर्ज काढणाऱ्या आणि पहिल्याच हंगामात हात टेकणाऱ्या पोरांचेही बाप माझ्याकडे येऊन बसतात. तुला अजून हेसुद्धा माहीत नाही की पाव किलोच्या पाकिटाला गिऱ्हाईक किती देतं, दळताना घट किती येते, पावसाळ्यात पूड ओल धरते का, दुकानदार किती कमिशन मागतो आणि पैसे किती दिवसांनी देतो. हे कोणत्याही पुस्तकात नाही. हे एका क्विंटलमध्ये कळतं. त्याला यंत्र लागत नाही, गावातली गिरणी पुरते. अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती करून घे. विकणार असशील तर भेसळीबद्दल नीट वाच. हळदीत रंग मिसळणाऱ्यांमुळे लोकांचा विश्वास उडालेला आहे, आणि शेतातून थेट आलेली हळद हीच तुझ्याकडे असलेली खरी वस्तू आहे. ती प्रयोगशाळेत तपासून घे आणि अहवाल गिऱ्हाइकाच्या हातात दे. पुण्यात तुझी इतक्या वर्षांची ओळख आहे. मेसवाल्या मावशी हळद कुठून घेतात, कधी विचारलंस?

आणि सुरू करायच्या आधी कागदावर तीन ओळी लिही. किती पैसे घालणार. कोणत्या तारखेपर्यंत. आणि काय दिसलं तर थांबणार. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, तीच तू परीक्षेच्या बाबतीत कधी लिहिली नाहीस, म्हणून ही वेळ आली. तो कागद बहिणीला वाचून दाखव. मला नको. माझ्यासमोर तू शहाणपणाचं बोलशील, तिच्यासमोर खोटं बोलता येणार नाही.

लोक काय म्हणतील ते मी तुला आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे वाट बघायला नको. म्हणतील, एवढी वर्षं पुण्यात काढली आणि आला हळद विकायला. तुझा मामा म्हणेल, ज्याने तू कलेक्टर होणार असं सगळ्या सोयरिकीत सांगून ठेवलं आहे. पारावर म्हणतील. पुण्यातले तुझे चार मित्र म्हणतील, क्विट केलं याने, आणि ते सगळ्यात जास्त झोंबेल, कारण त्यांच्यातला प्रत्येक जण मनातून तोच विचार करत असतो. हे सगळं ऐकून घ्यावं लागेल. त्यावर उपाय नाही. शिकलेल्या माणसाने धंदा करणं म्हणजे परीक्षेत हरल्याची शिक्षा, असं आपल्याकडे समजतात, आणि ही समजूत घट्ट करण्यात आमच्या पिढीच्या शिक्षकांचा आणि पालकांचा हात आहे. पण तू तीस वर्षांचा झालास. समजूत चुकीची आहे हे कळत असताना तिच्या धाकाने जगायचं हे काही तुझं वय नव्हे.

परीक्षा अगदीच सुटत नसेल तर दे. अर्ज भर. पण इथे राहून, स्वतःच्या कमाईतून फी भरून, आणि शेवटची कितवी ते त्याच कागदावर लिहून. पहाटे दोन तास रोज उत्तरं लिही. त्या दोन तासांत तुला खरंच काय हवंय ते तुलाच कळेल, माझ्याकडे विचारायला यावं लागणार नाही.

ऊठ आता. रात्रीचं तिकीट रद्द कर. नववीच्या चार पोरांना गणित-विज्ञान शिकवायला कोणीतरी हवं आहे, त्यांच्या घरी मी तुझं नाव सांगतो, सोमवारपासून जा. त्यातून महिन्याकाठी जे येईल ते तुझं पहिलं भांडवल. वडिलांकडून एक क्विंटल हळकुंड मागून घे, पण फुकट नाही. त्या दिवशी वसमतला जो भाव निघेल तो विचार, आणि हप्त्याने का होईना, पूर्ण पैसे त्यांच्या हातात मोजून दे.